अल्ब्युमिनची बाटली

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या हाती जेव्हा एखादी चिठ्ठी येते, तेव्हा तिच्यावर काय लिहिले आहे हे नीट वाचण्याच्या मनःस्थितीत सहसा कोणी नसते. औषधाच्या दुकानाकडे धावायचे, मागितलेली रक्कम मोजायची आणि बाटली आत पोचवायची, एवढेच त्या घटकेला सुचते. अशा चिठ्ठ्यांवर वारंवार दिसणारे एक नाव म्हणजे ह्यूमन अल्ब्युमिन. शंभर मिलीलिटरच्या लहानशा बाटलीला काही हजार रुपये पडतात आणि एका बाटलीने क्वचितच भागते. दिवसाला एक-दोन याप्रमाणे आठ-दहा दिवस ती चालू राहिली, तर मध्यमवर्गीय कुटुंबाचा महिन्याचा पगार तिच्यातच संपतो. रुग्णाच्या तपासणीच्या कागदावर ‘अल्ब्युमिन कमी’ असे छापलेले असते. जे कमी आहे ते बाहेरून भरून काढावयाचे, यात शंका घेण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु गेल्या पाव शतकात जगातील अनेक रुग्णालयांनी नेमकी हीच शंका घेतली, हजारो रुग्णांवर ती तपासून पाहिली, आणि हाती आलेले उत्तर या सरळ दिसणाऱ्या तर्काला धरून नव्हते.

अल्ब्युमिन हे रक्तद्रवातील सर्वांत विपुल प्रथिन होय. ते यकृतात तयार होते आणि निरोगी माणसाच्या शंभर मिलीलिटर रक्तद्रवात साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम असते. औषधे, संप्रेरके, पित्तद्रव्ये यांना वाहून नेणे हे त्याचे एक काम. दुसरे आणि अधिक परिचित काम म्हणजे रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवणे. अर्नेस्ट स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १८९६ साली केशवाहिन्यांच्या भिंतींवर चालणाऱ्या या ओढाताणीचा उलगडा केला. रक्तदाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि प्रथिने त्याला आत खेचतात. या खेचण्याच्या शक्तीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग एकट्या अल्ब्युमिनकडे असतो. ते घटले की पाणी बाहेर झिरपणार, पाय सुजणार, फुप्फुसे ओली होणार आणि रक्तदाब उतरणार. तेव्हा शिरेतून अल्ब्युमिन द्यावे म्हणजे पाणी पुन्हा जागेवर येईल, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघाला.

या निष्कर्षाला युद्धाने बळ दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जखमी सैनिकांसाठी रक्त रणभूमीवर कसे पोचवावे, हा अमेरिकेपुढे मोठा प्रश्न होता. रक्त लवकर नासते, त्याचे गट जुळवावे लागतात, त्याची ने-आण अवघड असते. हार्वर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ एडविन कोन यांनी थंड अल्कोहोलच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने एकामागून एक वेगळी काढण्याची रीत शोधली आणि तिच्यातून शुद्ध अल्ब्युमिन हाती आले. लहान बाटलीत मावणारे, टिकाऊ, गट न जुळवता कोणालाही देता येणारे असे हे द्रव्य होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा आयझिडोर रॅव्हडिन हे शल्यचिकित्सक त्याचा साठा घेऊन तेथे गेले आणि होरपळलेल्या काही सैनिकांना ते देण्यात आले. परिणाम उत्साहवर्धक वाटला. औषधाची परीक्षा चिठ्ठ्या टाकून, म्हणजे निम्म्या रुग्णांना ते देऊन व निम्म्यांना न देता, करण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. स्ट्रेप्टोमायसिनच्या तशा प्रसिद्ध चाचणीचा निकाल १९४८ साली आला. अल्ब्युमिन त्याआधीच वैद्यकात येऊन बसले होते. युद्धात नाव मिळवून आलेल्या औषधाला नंतर दाखला कोण मागणार? पुढील पन्नास वर्षे तो कोणी फारसा मागितलाही नाही.

वास्तविक तर्कातील उणीव पुष्कळ आधी दिसावयास हवी होती. गंभीर आजारात अल्ब्युमिन कमी होते ते मुख्यतः दोन कारणांनी. एक तर जंतुसंसर्गाशी झुंजणारे यकृत आपली शक्ती दुसरी प्रथिने बनविण्याकडे वळविते. दुसरे म्हणजे केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि अल्ब्युमिन त्यांतून निसटते. निरोगी माणसातही दर तासाला सुमारे पाच टक्के अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून लसीकावाहिन्यांच्या वाटेने परत येत असते. तीव्र जंतुसंसर्गात ही गळती दुपटी-तिपटीने वाढते. गळक्या घागरीत पाणी ओतत राहावे तसा हा प्रकार आहे. त्यातही बाहेर गेलेले अल्ब्युमिन ऊतींमध्ये साचले तर ते तेथेच पाणी धरून बसते. म्हणजे जी सूज ओसरावी म्हणून बाटली लावली, तीच वाढण्याची भीती. अहवालातील कमी झालेला आकडा हा रोग किती बळावला आहे याची खूण आहे, तो स्वतः रोग नव्हे. तापमापकातील पारा उतरविला म्हणून ज्वर उतरत नाही. जन्मतःच शरीरात अल्ब्युमिन जवळजवळ नसलेली काही अगदी मोजकी माणसे जगात आढळली आहेत. १९५४ साली जर्मनीत अशा रुग्णांची पहिली नोंद झाली. थोडी सूज, थोडा थकवा एवढ्यावर ती प्रौढ वयापर्यंत जगली. अल्ब्युमिन कमी असणे एवढ्यानेच माणूस दगावत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा निसर्गाने आणखी काय द्यावयाचा?

काही ठिकाणी अल्ब्युमिन ‘ताकदीसाठी’, जेवण जात नाही म्हणून दिले जाते, असे रुग्णाच्या घरचे सांगतात. शिरेतून दिलेले अल्ब्युमिन शरीरात विघटित होऊन त्याचा अन्न म्हणून उपयोग होण्यास कित्येक आठवडे लागतात. नळीवाटे पोटात सोडलेली साधी पातळ पेज किंवा दूध त्याहून लवकर आणि कित्येक पटींनी स्वस्तात तेच काम करते.

जुलै १९९८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने एक लेख प्रसिद्ध केला आणि वैद्यकीय जगात खळबळ उडाली. कोक्रेन संघटनेच्या संशोधकांनी तोवर झालेल्या ३० लहान-मोठ्या चाचण्या एकत्र केल्या होत्या. त्यांत एकूण १,४१९ रुग्ण होते. रक्तस्राव झालेले, भाजलेले, अल्ब्युमिन घटलेले अशा तिन्ही प्रकारांत अल्ब्युमिन दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक निघाले. सरासरीने दर शंभर रुग्णांमागे सहा मृत्यू जास्त. काटेकोर चाचण्यांच्या बाहेर गंभीर रुग्णांना अल्ब्युमिन देऊच नये, असे लेखकांनी सुचविले. जीव वाचविण्यासाठी अर्धे शतक दिले जात असलेले औषध जीव घेते की काय, असा प्रश्न उभा राहिला आणि ब्रिटनमध्ये त्याचा खप झपाट्याने उतरला.

पण हा धक्काही पूर्ण विश्वासार्ह नव्हता. तीस चाचण्यांत चौदाशे रुग्ण म्हणजे एका चाचणीत सरासरी पन्नासही नाहीत. त्यांतील काही चाचण्या जुन्या, काहींची मांडणी ढिली. रुग्ण तर मुलांपासून वृद्धांपर्यंत आणि भाजण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत नाना तऱ्हेचे. लहान लहान हिशेबांची बेरीज करून मोठा हिशेब खरा होतोच असे नाही. अल्ब्युमिनवरील जुनी श्रद्धा जशी थोड्या पुराव्यावर उभी होती, तशीच ही नवी भीतीही. आणि भीतीचे परिणाम श्रद्धेइतकेच महाग पडू शकतात. स्वस्त पर्याय म्हणून अनेक अतिदक्षता विभागांत मक्याच्या किंवा बटाट्याच्या पिष्टापासून बनविलेले कृत्रिम द्रव वापरले जात होते. २०१२ साली स्कँडिनेव्हियात तीव्र जंतुसंसर्गाच्या ७९८ रुग्णांवर त्यांची परीक्षा झाली. नव्वद दिवसांअखेर पिष्टद्रव दिलेल्यांपैकी ५१ टक्के दगावलेले आढळले, तर साधे क्षारजल दिलेल्यांपैकी ४३ टक्के. मूत्रपिंडांवर त्यांचा अनिष्ट परिणाम होतो हेही सिद्ध झाले. युरोपात त्यांची विक्री स्थगित व्हावयास मात्र २०२२ साल उजाडावे लागले.

अल्ब्युमिनविषयीच्या वादाचा निकाल लावण्याचे श्रेय ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील डॉक्टरांकडे जाते. तेथील अतिदक्षता तज्ज्ञांची संघटना, जॉर्ज इन्स्टिट्यूट आणि ऑस्ट्रेलियन रेडक्रॉसची रक्तसेवा यांनी मिळून १६ अतिदक्षता विभागांत २००१ ते २००३ या काळात एक चाचणी केली. ‘सेफ’ या नावाने ती ओळखली जाते. गंभीर आजारी ६,९९७ रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले गेले. एका गटाला चार टक्के अल्ब्युमिन आणि दुसऱ्याला नेहमीचे मिठाचे सलाईन. दोन्हींच्या बाटल्या अशा झाकलेल्या होत्या की आत काय आहे ते रुग्णाला नव्हे, डॉक्टरलाही कळू नये. ही एवढी खटपट कशासाठी, असे वाचकाला वाटेल. परंतु महाग बाटली लावली की रुग्ण सुधारतो आहे असे डॉक्टरला वाटू लागते, आणि तसे वाटणे निष्कर्षात मिसळू नये म्हणूनच ती असते. मे २००४ मध्ये निकाल जाहीर झाला. २८ दिवसांत अल्ब्युमिनच्या गटात ७२६ मृत्यू झाले होते, सलाईनच्या गटात ७२९. अतिदक्षता विभागात राहावे लागलेले दिवस, कृत्रिम श्वसनाचे दिवस, यांतही म्हणण्यासारखे अंतर नव्हते. अल्ब्युमिन सर्वसाधारणपणे मारक नाही हे कळले; त्याचबरोबर ते अत्यंत स्वस्त अशा मिठाच्या पाण्याहून सरस नाही हेही कळले.

या चाचणीच्या पोटात दोन गोष्टी आणखी दडलेल्या होत्या. डोक्याला जबर मार लागलेल्या ४६० रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला गेला. त्यांतील अल्ब्युमिन मिळालेल्यांपैकी ३३ टक्के दगावले होते, तर सलाईन मिळालेल्यांपैकी २० टक्के. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडील रस्त्यांवर रोज होणारे अपघात आणि त्यांत मेंदूला इजा झालेले तरुण दुचाकीस्वार डोळ्यांपुढे आणले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य ध्यानी येईल. अशा रुग्णाच्या नातेवाइकाकडून कोणी अल्ब्युमिन मागवीत असेल, तर त्याने त्याचे कारण दिलेच पाहिजे. दुसरी गोष्ट याच्या उलट होती. तीव्र जंतुसंसर्ग झालेल्यांत अल्ब्युमिनकडे पारडे किंचित झुकल्यासारखे वाटले. म्हणून इटलीतील १०० अतिदक्षता विभागांनी अशा १,८१८ रुग्णांवर स्वतंत्र चाचणी केली. रक्तातील अल्ब्युमिन ठराविक पातळीवर राहील इतके वीस टक्क्यांचे द्रावण रोज देण्यात आले. २०१४ साली निकाल आला तो असा: २८ दिवसांत अल्ब्युमिनच्या गटात ३१.८ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात ३२ टक्के. आकडा सुधारला होता, रुग्ण मात्र जेथल्या तेथेच होते. रक्तदाब अगदी कोसळलेल्या रुग्णांना काही लाभ होत असावा, असे मागाहून केलेल्या विश्लेषणात दिसले. तो प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि म्हणूनच सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०२१ मध्ये, साधे सलाईन खूप मोठ्या प्रमाणात देऊन झालेल्या रुग्णांपुरतीच अल्ब्युमिनची सौम्य शिफारस ठेवली आहे.

मग अल्ब्युमिन निरुपयोगी समजावे काय? तसे मुळीच नाही, आणि या प्रश्नाची खरी गुंतागुंत येथेच आहे. १९९९ साली स्पेनमधील डॉक्टरांनी यकृताच्या सिरोसिसमुळे जलोदर झालेल्या आणि त्या पाण्याला जंतुसंसर्ग झालेल्या १२६ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना केवळ प्रतिजैविक, निम्म्यांना त्याच्या जोडीला अल्ब्युमिन. मूत्रपिंडे बिघडण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले आणि रुग्णालयातील मृत्यू २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर. वैद्यकात इतका लख्ख फरक वारंवार पाहावयास मिळत नाही. पोटातून पाच लिटरहून अधिक पाणी काढावयाचे असेल, तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे आठ ग्रॅम अल्ब्युमिन द्यावे, हेही सर्वमान्य आहे. मात्र याच यकृतरोग्यांना केवळ आकडा वाढविण्यासाठी अल्ब्युमिन दिले तर काय होते? ब्रिटनमधील ७७७ रुग्णांवर हे पाहिले गेले. संसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड किंवा मृत्यू यांपैकी काही ना काही ओढवलेल्यांचे प्रमाण अल्ब्युमिनच्या गटात २९.७ टक्के, दुसऱ्या गटात ३०.२ टक्के; शिवाय अल्ब्युमिनच्या गटात फुप्फुसांत पाणी भरण्याचे गंभीर प्रकार अधिक. हा निकाल २०२१ चा. रोग तोच आणि औषधही तेच. परंतु विशिष्ट संकटासाठी दिले तर ते तारते, अहवालातील आकड्यासाठी दिले तर केवळ खर्ची पडते.

आफ्रिकेतील एक उदाहरण तर याहून विचार करावयास लावणारे आहे. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांत ताप व रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांवर एक चाचणी झाली. काहींना पाच टक्के अल्ब्युमिन झटपट चढविले, काहींना सलाईन झटपट चढविले, आणि काहींना असे काही न करता केवळ नेहमीचे उपचार चालू ठेवले. पहिल्या दोन पद्धतींपैकी कोणती चांगली हे ठरेल, अशी अपेक्षा होती. ४८ तासांत पहिल्या गटातील १०.६ टक्के आणि दुसऱ्यातील १०.५ टक्के मुले दगावली. ज्यांना झटपट काहीच चढविले नव्हते, त्यांच्यातील ७.३ टक्के. २०११ मध्ये ही चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. सलाईन लावले म्हणजे उपचार सुरू झाला, ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांत आणि शहरांतही किती घट्ट आहे, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

यात डॉक्टरांना सरसकट दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. रात्री दोन वाजता रुग्णाचा रक्तदाब उतरत असतो, अंगावर सूज चढत असते, बाहेर दहा माणसे ‘काहीतरी करा’ म्हणत उभी असतात. अशा वेळी काही न करणे हा निर्णय काही करण्याहून कितीतरी कठीण असतो. प्रसंग विपरीत झाला तर ‘एवढे औषधसुद्धा दिले नाही’ हा आरोप आणि पाठोपाठ येणारी तोडफोड यांची धास्तीही आहेच. समाजालाही महाग औषधाविषयी एक आंधळा आदर वाटतो. बाटली जितकी महाग तितका उपचार मोठा, अशी नातेवाइकांची समजूत असते, आणि आपण कशातही कमी पडलो नाही, एवढे समाधान त्यांना विकत घ्यावयाचे असते. या समाधानाचा व्यापार करणारेही असतात, हे येथे नमूद केलेले बरे.

परंतु अल्ब्युमिनच्या बाबतीत हा केवळ एका घराच्या पैशाचा प्रश्न उरत नाही. हे औषध कोणत्या रसायनाच्या कारखान्यात मुळापासून तयार होत नाही. ते मुख्यतः माणसाच्या रक्तद्रवातूनच काढले जाते. शाळा-महाविद्यालयांत, कचेऱ्यांत, गणेशोत्सवाच्या मंडपांत रक्तदानाची शिबिरे भरतात. त्यांतून आलेल्या रक्ताचे घटक वेगळे केले जातात, आणि उरलेला रक्तद्रव अशा औषधांसाठी उपयोगी पडू शकतो. एका दात्याकडून सुमारे दोनशे मिलीलिटर रक्तद्रव मिळतो असे धरले, तर वीस ग्रॅमच्या एका बाटलीमागे निदान चार-पाच माणसांचे रक्तदान उभे असते. रांगेत उभे राहून बाही वर करणाऱ्या विद्यार्थ्याने हे रक्त कोणाच्या तरी अहवालातील आकडा सुबक दिसावा म्हणून दिलेले नसते. आणि त्याच शहरात, एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात, पोटातील पाण्याला संसर्ग झालेला यकृतरोगी असतो. अल्ब्युमिनने ज्याचे मूत्रपिंड आणि कदाचित प्राणही वाचतील असा तो रुग्ण असतो, आणि त्याच्या घरच्यांना मात्र बाटलीची किंमत परवडत नाही. एका खाटेवर ती वाया जाते आणि दुसऱ्या खाटेपर्यंत पोचत नाही.

यासाठी मोठ्या योजनेची वा नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२४ साली रक्तसंक्रमणविषयक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने आपल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, आणि अतिदक्षता विभागातील बहुतेक प्रसंगी अल्ब्युमिन नित्याचे म्हणून देऊ नये, यकृतरोगातील ठराविक प्रसंगी मात्र द्यावे, असाच त्यांचा रोख आहे. मोठ्या रुग्णालयांत औषधांविषयी समित्या असतात. त्यांनी अल्ब्युमिन कोणत्या प्रसंगी द्यावयाचे याची अर्ध्या पानाची यादी करून ती परिचारिकेच्या टेबलासमोर लावावी. सार्वजनिक रुग्णालयांनी आपला थोडा साठा त्या यादीतील रुग्णांसाठी राखून ठेवावा. वैद्यकीय महाविद्यालयांत स्टार्लिंगचा सिद्धान्त शिकविताना त्याच तासाला २००४ सालचे ते दोन आकडे, ७२६ आणि ७२९, फळ्यावर लिहिले जावेत. आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या हाती येणाऱ्या चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली एक ओळ असावी: हे कशासाठी. ‘पोटातून सात लिटर पाणी काढले’ असे तेथे लिहिले असेल, तर त्याने उसनवारी करूनही बाटली आणावी. ‘अल्ब्युमिन कमी’ एवढेच लिहिले असेल, तर दुकानाकडे धावण्यापूर्वी त्याने आत जाऊन, आवाज न चढविता, डॉक्टरांना विचारावे की साध्या सलाईनने जे होणार नाही असे याने काय होणार आहे. हा प्रश्न विचारल्याबद्दल त्याच्यावर कोणी रागावू नये, एवढी व्यवस्था रुग्णालयाने करावयाची आहे.